एकर, गुंठा, चौरस फूट

परभणी-हिंगोलीकडे जमिनीचा भाव विचारायचा तर माणूस म्हणतो, ‘एकराला काय चाललंय?’ शिरूर, खेड, हवेलीत एकराची भाषा कधीच मागे पडली. तिथं विचारतात, ‘गुंठा कितीला?’ नागपूरच्या वेशीवरच्या लेआउटात गुंठाही मोठा वाटतो आणि बोलणी चौरस फुटावर येतात. मुंबईत तर जागेचं क्षेत्रफळ नंतर, आधी प्रश्न येतो, ‘एफएसआय किती मिळेल?’, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधकाम करू देतील. एका एकरात ४० गुंठे, एका गुंठ्यात १,०८९ चौरस फूट, हा हिशेब शाळकरी मुलालाही येतो. माप लहान होत जातं तसा भाव मात्र हिशेबाबाहेर चढत जातो.

मातीच्या कसावर भाव ठरत असता तर परभणीची काळीभोर, हातभर खोल जमीन राज्यात सर्वांत महाग असायला हवी होती. मुळशीतली मुरमाड टेकडी, जिच्यावर धड गवतही उगवत नाही, ती तिच्यापेक्षा कितीतरी महाग विकली जाते. मोकळ्या जमिनीच्या भावात मातीचा वाटा थोडाच असतो असं माझं मत आहे. बाकीचा भाव पाण्याचा, रस्त्याचा, सातबाऱ्यावरच्या शब्दाचा आणि आराखड्याच्या नकाशातल्या रंगाचा. यातली एकही गोष्ट मालकानं एकट्यानं केलेली नसते. म्हणून भाव वाढला की ती वाढ कुणाच्या पदरात पडली, हे प्रत्येक ठिकाणी विचारायला हवं.

शेतजमिनीपासून सुरुवात करू. जिरायत आणि बागायत हा पहिला भेद आणि तो पाण्याचा आहे. पैठणला १९७६ साली जायकवाडी धरण पूर्ण झालं आणि डाव्या-उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातल्या जमिनींची पत बदलली. पण कालव्याच्या तोंडाशी असलेलं शेत आणि शेवटच्या टोकाचं शेत यांचा सातबारा सारखा दिसला तरी भाव सारखा नसतो, कारण टेलला पाणी पोहोचेलच याची खात्री कोणी देत नाही. विदर्भात गोसीखुर्दचं भूमिपूजन १९८८ साली झालं. तिथल्या गावांमध्ये एक पिढी ‘पाणी आलं की भाव येईल’ असं म्हणत म्हातारी झाली. ज्याला मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी त्याआधीच विकावं लागलं, त्यानं जिरायताच्या भावानं दिलं.

सरकारचा स्वतःचा दर वेगळाच. त्याला आपण सगळे रेडी रेकनर म्हणतो. कागदोपत्री नाव वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते. ग्रामीण भागात या तक्त्यात शेतजमिनीचे गट पाडले जातात ते सातबाऱ्यावरच्या ‘आकारा’वरून, म्हणजे जमीन महसुलाच्या रुपये-पैशांवरून. हा आकार ब्रिटिश काळातल्या जमाबंदीत, माती हातात घेऊन, तिची प्रत पाहून लावलेला. आजचं मुद्रांक शुल्क शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या पाहणीला धरून चालतं, ही मला मोठी विलक्षण गोष्ट वाटते. विहीर खणली, ठिबक केलं, शेततळं घेतलं, रस्ता आला, आकार तोच. त्यामुळे बीड-लातूरच्या आडबाजूच्या गावात रेकनरचा दर प्रत्यक्ष भावापेक्षा जास्त निघतो आणि पुण्याच्या कडेला तो कितीतरी कमी पडतो. पहिल्या ठिकाणी अडलेला शेतकरी कमी भावात विकतो, तरी शुल्क मात्र वरच्या दरानं भरावं लागतं आणि गिऱ्हाईक तेवढा भाव आणखी पाडून मागतं. दुसऱ्या ठिकाणी खऱ्या किमतीचा मोठा भाग कागदावर येतच नाही. सलग दोन वर्षं दर जैसे थे ठेवल्यानंतर १ एप्रिल २०२५ पासून राज्यात सरासरी ३.८९ टक्के वाढ झाली. मुंबईत ती ३.३९ टक्के होती आणि सोलापूर महापालिका क्षेत्रात १०.१७. टक्केवारीत सोलापूर पुढे दिसतं म्हणून तिथली जमीन मुंबईच्या जवळ गेली असं नाही. मुळातला आकडाच लहान आहे.

शेतजमिनीचा भाव आणखी एक गोष्ट बांधून ठेवते. कूळकायद्यांप्रमाणे महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. औद्योगिक वापरासाठी काही मार्ग आहेत, पण सर्वसाधारण नियम हाच. गिऱ्हाईकच मोजकं असल्यानं भाव दबून राहतो. शेजारच्या कर्नाटकात २०२० साली अशी बंधनं काढून टाकली. कागलच्या अलीकडे आणि निपाणीच्या पलीकडे माती, ऊस, पाऊस सगळं सारखं, पण एका बाजूला बंगळूरचा नोकरदार सरळ शेत घेऊ शकतो आणि दुसऱ्या बाजूला पुण्याचा नोकरदार आधी शेतकरी असल्याचा दाखला शोधत फिरतो. बंधन उठवलं तर विकणाऱ्याला चार पैसे जास्त मिळतील हे खरं. पण जो विकत नाही, ज्याला शेजारचं दोन एकर घेऊन शेतीच वाढवायची आहे, त्याच्या हातून जमीन कायमची जाईल हेही तितकंच खरं. मी या बाबतीत बंधनाच्या बाजूचा आहे. बंधनामुळे विकणाऱ्याचा तोटा होतो, हे नाकारून मात्र ती बाजू घेता येत नाही.

सातबाऱ्याच्या भोगवटा रकान्यातला एक आकडा तर भाव अर्ध्यावर आणू शकतो. वर्ग १ म्हणजे विकायला मोकळी. वर्ग २ म्हणजे आधी परवानगी आणि सरकारला भरायचा नजराणा. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगार वतनं संपली, महार वतनाच्या जमिनी रीग्रँट होऊन परत मिळाल्या, पण वर्ग २ म्हणून. बिनशेतीकडे न्यायच्या तर बाजारभावाच्या निम्म्यापर्यंत नजराणा भरा. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाची राबणूक केली, त्यांची जमीन बाजारात शेजाऱ्याच्या जमिनीच्या निम्म्या भावानं मागितली जाते. त्यांच्याकडे नजराण्याचे पैसे नसतात, म्हणून घेणारा ‘नजराणा मी भरतो’ म्हणत साठेखतावर सही घेतो. आज राज्यभरच्या शहरांच्या कडेनं अशा जमिनी आहेत आणि भावातली ही तफावत मला सगळ्यांत जास्त खुपते.

गुंठ्याच्या प्रदेशात शिरताना एक आमच्या घरची गोष्ट सांगतो. पुण्याच्या पूर्वेला माझ्या मामांचं सव्वा एकराचं शेत आहे, मुख्य रस्त्यापासून साधारण तीनशे फूट आत. जायला बांधावरून वहिवाटीची वाट. पलीकडचा गट ‘रोड टच’. माती, विहिरीचा झरा, तूर आणि बाजरी, सगळं एकाच जातीचं. पण एजंट आला की पलीकडच्या गटाचा जो भाव बोलतो, त्याच्या निम्माच मामांना बोलतो. तीनशे फुटांची ही किंमत.

काही वर्षांपूर्वी त्या भागाच्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला. मामांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला नकाशा मला दाखवला. फोनच्या पडद्यावर दोन बोटांनी नकाशा मोठा करत करत ते आपल्या गट नंबरापर्यंत पोहोचले, आणि तिथं पिवळा रंग होता. हिरवा म्हणजे शेती, पिवळा म्हणजे रहिवास. त्या आठवड्यात तुरीच्या कडेला तीन मोटारी येऊन उभ्या राहिल्या. एकानं तर इसाराचे पैसेही सोबत आणले होते. मामी घाबरल्या, मामा गप्प राहिले. पुढे तो मसुदाच रद्द झाला. मोटारी यायच्या बंद झाल्या. या सगळ्या काळात त्या शेतातलं एक ढेकूळ कुणी हलवलं नव्हतं.

गुंठ्याचा बाजार असा नकाशाच्या रंगावर आणि ‘एनए’ म्हणजे बिनशेती, या दोन अक्षरांवर उभा आहे. बिनशेतीची परवानगी जमीन महसूल संहितेतली. गेल्या दहा-बारा वर्षांत ती बरीच सैल झाली: विकास आराखड्यात रहिवासी दाखवलेली किंवा गावठाणापासून २०० मीटरच्या आत असलेली जमीन आता रूपांतर कर भरून वापरता येते. नियम चांगला, हेलपाटे वाचवणारा. पण त्यानं गावठाणाभोवती एक न दिसणारं वर्तुळ काढलं. १९० मीटरवरचं शेत आणि २१० मीटरवरचं शेत यांच्यात आता भावाची भिंत आहे. आयकरानंही असंच वर्तुळ काढलं आहे. दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहराच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या पलीकडे असलेली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्याचा कर नाही. आत असेल तर आहे. लहान शहरांना हे अंतर सहा आणि दोन किलोमीटरचं.

मग गुंठा विकला कसा जातो? १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याप्रमाणे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकता येत नाही. २०२३ साली हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं खाली आणलं. तरी एक-दोन गुंठे विकले जातच होते: नोटरीच्या कागदावर, कुलमुखत्यारपत्रावर, दहा-वीस जणांची नावं एकाच सातबाऱ्यात सामाईक घालून. कारखान्यात बारा तासांची पाळी करणाऱ्या माणसाला फ्लॅट परवडत नाही, दोन गुंठे परवडतात. त्याच्या गुंठ्याचा भाव स्वस्त दिसतो, कारण त्यात रस्ता, गटार, नळ आणि स्वतःच्या नावाचा सातबारा यांची किंमत धरलेलीच नसते. ती तो पुढची वीस वर्षं टँकर मागवत आणि नियमितीकरणाचे अर्ज भरत फेडतो. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा. २०२१ मध्ये त्याची मुदत पुढे आणली. २०२५ मध्ये तुकडेबंदीविरुद्ध झालेले जुने व्यवहार नियमित करण्याचाही मार्ग काढला. या प्रत्येक निर्णयानं लाखो घरांना आधार दिला. त्याचबरोबर प्रत्येक वेळी बाजारानं हाही अर्थ काढला की आज बेकायदा विकलेलं उद्या कायदेशीर होतं, आणि कडेच्या शेताचा भाव तेवढ्यानं वर सरकला.

नागपूरची रीत निराळी. तिथं प्लॉटवर उभं राहून पहिला प्रश्न येतो, ‘आर.एल. आहे का?’ आर.एल. म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं रिलीज लेटर, लेआउट मान्य आणि प्लॉट मोकळा झाल्याचं पत्र. हे एक पत्र असलेला आणि नसलेला प्लॉट शेजारीशेजारी असले तरी त्यांचे बाजार दोन. बाकीचे बारकावे सगळीकडचेच: कोपऱ्याचा प्लॉट, समोरच्या रस्त्याची रुंदी, तोंड गोमुखी की वाघमुखी. पुढे अरुंद, मागे रुंद तो गोमुखी, राहायला शुभ. पुढे रुंद तो वाघमुखी, दुकानाला चांगला. यात नुसती श्रद्धा आहे असं मी म्हणणार नाही. दुकानाला दर्शनी भाग हवा आणि घराला मागे आडोसा, ही सोयही त्यातच आहे.

मुंबईत मोकळी जमीन या शब्दाचाच अर्थ वेगळा होतो, आणि एकदा त्या अर्थावरूनच शहराची दिशा ठरली. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपात होते आणि त्यातले बहुतेक परत कधी गिरणीत गेले नाहीत. गिरण्यांखाली सुमारे ६०० एकर जमीन होती, तीही परळ-लालबाग-वरळीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ नं ढोबळमानानं तीन वाटे केले: एक महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटे राहिले, पण ते संपूर्ण गिरणीच्या जमिनीचे नव्हे, तर फक्त ‘मोकळ्या’ जमिनीचे, म्हणजे जिच्यावर आधीपासून शेड नव्हत्या तेवढीच्या. गिरणीचा बहुतेक भाग शेडखालीच होता. शहराच्या आणि कामगाराच्या वाट्याला उरली ती आवारातली चिंचोळी पट्टी. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये शहराच्या बाजूनं कौल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला.

त्या एका शब्दाची किंमत किती, हे लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाइल मिलच्या जागेवरून कळतं. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची ही साडेसतरा एकर जागा २००५ मध्ये डीएलएफनं ७०२ कोटींना घेतली. सात वर्षांनी, २०१२ मध्ये, ती लोढा समूहाला सुमारे २,७०० कोटींना गेली. मधल्या काळात तिथं टॉवर उभा राहिला नव्हता. जवळपास दोन हजार कोटींची ही वाढ न बांधलेल्या जमिनीची आहे. गिरणी कामगारांचे वारस त्याच काळात घरांच्या सोडतीचे अर्ज भरत होते.

वांद्रे-कुर्ला संकुलात तर जमीन विकलीच जात नाही, ८० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिली जाते. २०१९ मध्ये जपानच्या सुमितोमो समूहाच्या कंपनीनं तिथला १२,१४१ चौरस मीटरचा भूखंड २,२३८ कोटींना घेतला. तीन एकरांनी भागून वर्तमानपत्रांनी एकराला सुमारे साडेसातशे कोटी असा आकडा छापला. पण बोली एकरावर लागलेलीच नव्हती. ती लागली ६५,००० चौरस मीटर बांधकाम हक्कावर, चौरस मीटरला तीन लाख ४४ हजारांच्या घरात. इथं जमिनीला भाव आहे तो वर आकाशात किती जाऊ देणार याचा. नियोजनकारांनी उद्या एफएसआय निम्मा केला तर तीच तीन एकर जमीन निम्म्या भावावर येईल.

मोठ्या शहरांत जमीन मोकळी ठेवण्यावर मर्यादा घालणारा नागरी जमीन कमाल धारणा कायदा होता. १९७६ चा. मुंबईत ५००, पुण्यात १,०००, नागपुरात १,५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन ठेवता येत नव्हती. हेतू चांगला होता, पण सवलतींच्या कलमांतून जमिनी सुटत राहिल्या आणि उरलेल्या खटल्यांत अडकल्या. केंद्रानं तो १९९९ मध्ये रद्द केला, महाराष्ट्रानं नोव्हेंबर २००७ मध्ये. रद्द करताना सांगितलं गेलं की जमीन बाजारात येईल आणि भाव उतरतील. भाव उतरल्याचं मुंबई-पुण्यात घर घेणाऱ्या कुणालाही दिसलेलं नाही.

कोकणात अडचण निराळी: तिथं जमिनीपेक्षा सातबाऱ्यावरची नावं जास्त. वीस गुंठ्यांच्या आंबा-काजूच्या तुकड्याला चाळीस वारस, त्यातले निम्मे मुंबईत, काही आफ्रिकेत, दोघांचा पत्ताच नाही. एकत्र सह्या जमवू शकणाराच खरा व्यापारी ठरतो आणि तो चुलत्यांकडून एकेक हिस्सा स्वस्तात उचलत जातो. समुद्राकाठी त्यात किनारा नियमन क्षेत्राची भर. १९९१ ची अधिसूचना, मग २०११ ची, मग २०१९ ची. शेवटच्या अधिसूचनेनं दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीचा पट्टा भरतीरेषेपासून ५० मीटरवर आणला; विरळ वस्तीला तो २०० मीटरच राहिला. मासळी सुकवण्याच्या जागेचा रिसॉर्टच्या भावाशी सामना सुरू झाला तो या पन्नास मीटरमुळे.

गोव्यात हाच खेळ ‘सेटलमेंट’ आणि ‘ऑर्चर्ड’ या दोन शब्दांत चालतो. भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध घालणारा कायदा तिथं २०२३ मध्ये आला. आणि त्याच वर्षी नगर नियोजन कायद्यात कलम १७(२) घालून नकाशातल्या ‘चुका’ दुरुस्त करण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचा झोन बदलण्याची सोयही झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २०२५ मध्ये त्याखालचे नियम रद्द केले. काजूच्या डोंगराला दिल्लीच्या बंगल्यांचा भाव मिळवून देणारी ती दुरुस्ती होती, हे बार्देश-पेडण्यात सगळ्यांना कळत होतं.

रस्त्यासाठी जमीन गेली की हे सगळे भाव एकदम उघडे पडतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात किंमत धरायची ती रेकनरचा दर किंवा गेल्या तीन वर्षांतल्या चढ्या निम्म्या खरेदीखतांची सरासरी, जी जास्त असेल ती. त्यावर ग्रामीण भागात दुपटीपर्यंत गुणक आणि शंभर टक्के दिलासा रक्कम. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासाठी थेट खरेदीत त्यावर आणखी पंचवीस टक्के देऊन पाचपट दर बसवला, म्हणून जालना-वाशीमच्या जिरायतीला कधी न ऐकलेले पैसे मिळाले. पण पाचपट कशाच्या? ज्या गावात लोकांनी शुल्क वाचवायला खरेदीखतात कमी रक्कम लिहिली होती, तिथं पाया खोटा निघाला आणि मोबदलाही त्याच खोट्या पायावर बेतला गेला. आणि पैसे मिळाले ते ज्याची जमीन रस्त्यात गेली त्याला. ज्याची इंटरचेंजजवळ उरली, त्याचा भाव नंतर वाढला. ज्याचं शेत दुभंगून पलीकडचा तुकडा वळशाच्या वाटेवर गेला, त्याला दोन्हीकडून मार बसला.

वाढीत शेतकऱ्याचा वाटा राहू शकतो, याची उदाहरणं आपल्याकडेच आहेत. हडपसरला मगरपट्ट्यात सुमारे १२० कुटुंबांनी आपली चारशे एकरांच्या आसपासची जमीन एकत्र केली, जमिनीच्या प्रमाणात कंपनीचे भागधारक झाले आणि शहर स्वतः बांधलं. सगळ्यांचे गट एकमेकांना लागून होते, भावकी एकत्र होती आणि झोन बदलेपर्यंत थांबण्याची ऐपत होती. हे जुळून येणं सोपं नाही. दुसरं उदाहरण रक्त सांडून मिळालेलं. नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन गेली, आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तानच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना उभी राहिली. विमानतळाच्या वेळी हा वाटा साडेबावीस टक्के झाला. पैसे संपतात, भूखंडाचा भाव शहराबरोबर वाढतो, हे आगरी-कोळी गावांनी सगळ्या राज्याच्या आधी ओळखलं. माझ्या मते शहराच्या कडेचं संपादन याच रीतीनं व्हायला हवं, रोख मोबदल्यानं नव्हे.

गेल्या पावसाळ्याआधी मामांनी हद्द कायम करायला मोजणी लावली. भूमापकानं रोव्हरची काठी बांधावर टेकवली, उपग्रहाचा सिग्नल मिळेपर्यंत सगळे बाभळीच्या सावलीत उभे होते. पलीकडच्या गटाचा मालकही आला होता. तीन गुंठे त्याच्याकडून मिळाले तर मामांना रस्त्यापर्यंत बारा फुटांची वाट होईल. त्यानं भाव सांगितला तो रोड टचचा, गुंठ्यावर. मामांनी हिशेब केला आणि म्हणाले, ‘तीन गुंठ्याला तू माझ्या सहा गुंठ्यांचे पैसे मागतोयस.’ तो म्हणाला, ‘तात्या, वाट झाली की तुमचं सव्वा एकर माझ्या भावाला येईल, मग मी मागतोय त्यात काय चुकलं?’ भूमापकानं काठी उचलली, पुढच्या दगडाकडे निघाला. दोघंही त्याच्या मागे गेले.